मोटारचोर सोपानच्या कोंबड्या

निर्दोष सुटल्यावर तोंड पाडून बसणारा आरोपी मी गेवराईच्या कोर्टात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या गल्लीतला सोपान. विहिरींवरच्या मोटारी चोरायच्या आणि चहाच्या टपरीवर बसून त्याची रसभरीत वर्णनं करायची, हा त्याचा उद्योग. साक्षीदार फिरले की मी त्याला सोडवायचो आणि हा उलट मलाच ऐकवायचा, "वकीलसाब, लई मेहनतीचं काम होतं वो ते. वाया गेलं."

असला निलाजरा माणूस! वर खानदानी चोराचा तोरा. कोंबड्या उचलणाऱ्यांना हा भुरटे म्हणायचा, त्यांच्या शेजारी बसून चहासुद्धा प्यायचा नाही. मला त्याचा मनापासून तिटकारा होता. वकीलपत्र घ्यायचो ते निव्वळ शेजारधर्म म्हणून.

यंदा मात्र मोटार खांद्यावर असतानाच सापडला. गुन्हा शाबीत झाला. शिक्षा सुनावण्याआधी सरकारी वकिलांनी त्याच्या नावावरची एक जुनी शिक्षा पुढे केली. कडा गावातल्या कोंबडीचोरीची. मला हसू आवरेना. त्या वेळी हा पाय मोडून घरात पडला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मी त्याच्या कानात सांगितलं, नाही म्हण, मग शाबीत करणं त्यांच्या गळ्यात. एरवीही कोंबड्यांचं नाव काढल्यावर हा चवताळणार, याची मला खात्रीच होती.

न्यायाधीशबाईंनी त्याला नीट समजावलं. कबूल करायची सक्ती नाही, पण केलंत तर आताची शिक्षा वाढू शकते. समजलं का?

"समजलं," सोपान म्हणाला. "ती शिक्षा माजीच हाय."

शिक्षा वाढली, तीही चांगली वर्षभरानं.

व्हरांड्यात मी त्याला वाट्टेल ते बोललो. मूर्ख म्हणालो, माझी अब्रू घालवलीस म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच सांगितलं की कोंबड्या त्याच्या धाकट्या भावानं चोरल्या होत्या आणि पकडल्यावर पोलिसांना स्वतःचं नाव सोपान असं सांगून त्याच नावावर शिक्षा भोगली होती. आता तो भाऊ साखर कारखान्यावर वॉचमन आहे. सोपान नाही म्हणाला असता, तर चौकशी थेट भावाच्या दारात गेली असती.

माझा राग कुठल्या कुठे गेला. निदान भावाला हे कळवू तरी का, असं मी विचारलं.

"नका वो साब. बोलत न्हाई त्यो माज्याशी. मी चोर हाय ना, लाज वाटती त्याला."