ढवळ्याचं आवतन

आमच्या गावची जोडी शंकरपटाच्या शर्यतीत हरली की झिंगूजी तोंडाला पंचा बांधून हिंडायचा. बैल माझे, छकडा माझा, हरलो मी, आणि लाज त्याला. त्याच्या दारी तर बैलाचं शेपूटही नव्हतं. अंबाडीचे दोर वळून पोट भरणारा एकटा जीव. ना बायको, ना पोर. पण लोकांनी तोंड पाहू नये म्हणून चिलीमसुद्धा पंच्याखालून ओढायचा. एकदा पंचा पेटला, अर्धी मिशी गेली. मग तर त्याला पंचा बांधायला कारणच झालं.

अमरावतीच्या बाजाराला दोर विकायला निघाला आणि समोरून आम्हाला हरवणाऱ्या भातकुलीची गाडी आली, की हा बाभळीआड. एकदा बाभळीआड भातकुलीचाच एक माणूस लोटा घेऊन बसलेला होता. त्यानं तिथूनच विचारलं, "काहो झिंगूजी, तुमची जोडी पोहोचली का अजून वाटंतच हाये?" हा लाज झाकायला गेला आणि त्यानं बोभाटा करू नये म्हणून त्याला दोन दोर फुकट देऊन आला.

जोडी हरायची ती ढवळ्यापायी. माझा मोऱ्या वाऱ्यासारखा पळे. ढवळ्या मात्र आधी विचार करी, मग पाय उचली. छकडा तिरपा व्हायचा आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर जायचा. ओझ्याला मात्र ढवळ्यासारखा बैल नव्हता. कापसानं लादलेली गाडी चिखलातून एकटा काढील असा.

झिंगूजी रोज गोठ्याशी येऊन मला सुनवायचा, "गनू, लेका, याले देऊन टाक नं बदल्यात पळणारा आन. बैल हाये का देऊळ? जागचं हालत नाई!"

आणि तशी संधी चालून आली. ते कापसाच्या मस्तीचे दिवस होते. समुद्रापल्याड कुठं लढाई लागली म्हणत, आणि इकडं आमच्या काळ्या मातीत चांदी उगवली. काल ज्याच्या अंगावर धड धोतर नव्हतं तो आज जरीकाठी नेसून वखरावर जात होता. भातकुलीच्या करीमभाईनं त्याच मस्तीत पाखऱ्या नावाचा पटाचा बैल घेतला. पण कापूस अमरावतीला न्यायचा म्हटलं की पाखऱ्या खाली बसे. करीमभाई आपण होऊन माझ्याकडं आला.

"भाऊ, माहा बैल हवा खाते आन् हवाच ओढते. मले ओझ्याचा पायजे. घ्या पाखऱ्या, द्या ढवळ्या. बैलाले बैल, बाकी काही नाही."

झिंगूजीनं हे ऐकलं आणि पाखऱ्यासाठी कासरा वळायला घेतला. लाल गोंडे लावले. तिवशापर्यंत सांगून आला की यंदा आमचा पट. पंच्याची घडी घालून ठेवली.

करीमभाई पाखऱ्याला घेऊन आला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, सांजेला. आमच्याकडं त्या दिवशी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. आवतन दिलेला बैल म्हणजे पाहुणा. त्याला जेवू घातल्याशिवाय घालवत नाहीत.

मी म्हटलं, आधी सौदा उरकू, मग पाखऱ्यालाच आवतन देऊ. सारं गाव गोळा झालेलं. मी ढवळ्याचा कासरा सोडायला वाकलो, तोच झिंगूजी मेल्यासारख्या आवाजात बोलला, "थांब गनू. त्याले आवतन गेलं हाये."

"कोनं देलं बे? लोनी तं अजून वाटीतच हाये!"

झिंगूजी खाली पाहू लागला. गोंड्यांचा कासरा त्यानं पाठीमागं लपवला. तेवढ्यात माझी बायको सारजा दारातून म्हणाली, "म्या देलं."

काय हसले लोक! बाईमाणसानं बैलाला आवतन दिलं म्हणून हसले. तिनं पदर पुढं ओढला आणि आत गेली.

करीमभाईनं कानाला हात लावला. "न्योता गेला तं तो मेहमान झाला, भाऊ. मी कसा नेऊ? उद्या पोळ्याले बैल कोनी देत-घेत नाई, आन् परवा मले तेल्हाऱ्याले सासुरवाडीले जानं हाये." तो गेला. तेल्हाऱ्यात त्याच्या साळ्यानं पाखऱ्या ठेवून घेतला, बदल्यात ओझ्याचा बैल दिला. पुढं पाखऱ्यानं आम्हाला दर पटात धूळ चारली, आणि झिंगूजीचा पंचा कायमचा तोंडावर बसला. चावडीवर तो मलाच शिव्या घाली, "या गन्यानं सौदा हुकवला! गावाची लाज घालवली!" सारजा पाणी घेऊन जाताना दिसली की मात्र एकदम गप्प. मान खाली.

मला सगळं ठाऊक होतं. सारजानं त्याच रात्री सांगितलं होतं. त्या दुपारी ती गोठ्यामागं गोवऱ्या काढत होती, तेव्हा झिंगूजी ढवळ्याला निरोप द्यायला आला. आला तो शिव्या देत. मग त्याच्या मानेला टेकला आणि कानात म्हणाला, "चाल्ला का बे देवळा? आज आवतन घे, उद्या जेवाले ये. माह्याकडं दुसरं कोनी येत नाई."

"तुमी त्याले काही बोलू नका," सारजा म्हणाली. मी बोललो नाही. शिव्या खाल्ल्या.

कापसाची मस्ती उतरली. ढवळ्या म्हातारा होऊन गेला. आणि यंदा आखाडात सारजा गेली. मयताला झिंगूजी पंचा बांधूनच आला, सर्वांच्या मागं उभा राहिला. त्यानंतर घरात चूल म्हणून पेटली नाही. मला भाकर थापता येत नाही, आणि कुणाच्या दारी जायचं तर लाज वाटते. म्हातारा रिकामी थाळी घेऊन कुठं उभा राहील?

पोळ्याच्या आदल्या सांजेला मी बैलाच्या खांद्याला लोणी चोळत होतो. झिंगूजी आला. मला वाटलं, आता पाखऱ्याचा विषय काढील. तो माझ्याजवळ येऊन वाकला. पंचा खाली केला. कितीतरी वर्षांनी त्याचं तोंड दिसलं. मिशी पार पांढरी. माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हणाला,

"आज आवतन घे गनू, उद्या जेवाले ये."

माझ्या खांद्याला लोणी लावायचं तेवढं बाकी ठेवलं त्यानं.

मी गेलो. पुरणपोळी जोड्याच्या तळासारखी झाली होती, एका बाजूनं करपलेली. तो चोरट्यासारखा माझ्याकडं पाहत होता. मी दुसरी मागून घेतली आणि विचारलं, "त्या साली ढवळ्यानं खाल्लं व्हतं का बे?"

"समदं खाल्लं," झिंगूजी म्हणाला. "पत्रावळीसकट."