वाट रुंद आणि सपाट आहे

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी जंगलात एका काटेरी झुडपात अडकलो. घटना एवढीच. पण तिच्यामुळे मला बऱ्याच जणांचे आभार मानायचे आहेत, म्हणून तपशील देतो.

वीस वर्षं मी वर्तमानपत्रात बातम्या लिहितो. माझ्या एकाही बातमीवर आजवर खुलासा छापावा लागलेला नाही! त्यामुळे रविवारच्या पुरवणीत भटकंतीवर लिहिणारा सहकारी आजारी पडला, तेव्हा पुरवणीच्या संपादिकाबाईंनी माझ्याकडेच पाहिलं. टेकडीवरच्या जंगलातली वाट मी कॉलेजात असताना शंभरदा तुडवलेली. त्या भरवशावर तासाभरात लेख हातावेगळा केला. 'वाट रुंद आणि सपाट आहे. सत्तरीच्या आजीसुद्धा गप्पा मारत जातील. वरून दिसणारं तळं डोळ्यांचं पारणं फेडतं.' पान शुक्रवारी दुपारी बाराला छपाईला जाणार होतं. म्हटलं, त्याआधी एक चक्कर मारून यावी, म्हणजे मनाला रुखरुख नको.

"एकटा जाऊ नकोस," बायको म्हणाली.

"अगं, त्या वाटेवर हरवणं अशक्य आहे. लेखातच लिहिलंय!"

"लेख तू लिहिलास. जंगलानं वाचलाय का?"

जंगलानं वाचलेला नव्हता. निवडून आलेला उमेदवार जसा दिसेनासा होतो, तशी ती वाट पहिल्याच वळणावर दिसेनाशी झाली! गवत कमरेपर्यंत, झुडपं छातीपर्यंत. धडपडत, ओरखडे घेत माथ्यावर पोचलो. जिथून पूर्वी तळं दिसायचं, तिथून आता एक झाड दिसत होतं. अगदी जवळून.

रविवारी माझा लेख वाचून लोक पोराबाळांना घेऊन इथे येणार! सोमवारी कार्यालयात फोन, मंगळवारी चौकटीत खुलासा, खाली माझं नाव! पान थांबवायला हवं होतं. फोनला रेंज नाही. मी सरळ रस्त्याच्या दिशेनं उतरायला लागलो, पाय घसरला आणि त्या झुडपात जाऊन अडकलो.

शर्ट सोडवावा तर पँट अडके, पँट सोडवावी तर बॅग. दोन्ही हात पसरून मी अशा थाटात उभा होतो, की कुणाला वाटावं सत्कार चाललाय. घड्याळ दिसत होतं, पण हात हलवता येत नव्हता. अकरा वाजून गेले.

तेवढ्यात खालून काठ्या आपटल्याचा आवाज आला.

"जावईबापू! इथे काय करताय?"

सासूबाई! महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला आहेत. मागे त्यांच्या रोजच्या फिरण्यातल्या दोन मैत्रिणी.

"आई, तुम्ही इथे कशा?"

"तुमचा लेख टेबलावर पडला होता. सत्तरीच्या आजी म्हणजे आम्हीच की! म्हटलं, छापून गर्दी व्हायच्या आत जाऊन यावं."

"गप्पा मारत जातील म्हणे," एक मैत्रीण धापा टाकत म्हणाली. "तोंड उघडलं की कोळ्याचं जाळं आत जातंय!"

दुसरी निवृत्त परिचारिका. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "हलायचं नाही. पोट आत. मी म्हणेन तेव्हाच श्वास सोडायचा." मग काठ्यांनी फांद्या दाबून तिघींनी मला ओढलं. मी सुटलो, डावी बाही तिथेच राहिली. ओरखड्यांवर मलम लागलं, प्यायला पाणी मिळालं, आणि दोन्ही बाजूंनी दंड धरून मला उतरवण्यात आलं. एवढी काळजी माझी लग्नातही कुणी घेतली नव्हती!

रस्त्यावर रेंज आली. साडेबारा वाजले होते. तरीही फोन लावला.

"बाई, पान थांबवा!"

"गेलं की ते!"

मी तिथेच रस्त्याकडेला बसलो.

"पण रागावू नकोस हं," बाई चाचरत म्हणाल्या, "ऐनवेळी गाद्यांची जाहिरात आली. अर्धं पान. तुझा लेख उडवावा लागला."

वीस वर्षं मी जाहिरात विभागाला शिव्या घातल्यात. त्या क्षणी समोर असता, तर अख्ख्या विभागाला मिठी मारली असती!

"पुढच्या रविवारी नक्की घेते," बाई म्हणाल्या. "फोटो तेवढा हवा."

"फोटो नाही, बाई," मी खुशीत म्हणालो.

"आहे की!" कोळ्याच्या जाळ्यावाली मैत्रीण मागून ओरडली. "ओढायच्या आधी मी काढलाय!"

मी लेख पुन्हा लिहिला. वाट, गवत, झाड, सगळं खरंखरं. तिघींचे मनापासून आभारही मानलेत. फोटोबद्दल मी लेखी विरोध नोंदवला. सासूबाईंनी तो फोटो परस्पर बाईंना पाठवला. बाईंनी त्याला तीन कॉलम दिलेत.

आज गुरुवार, संध्याकाळचे सहा. जाहिरात विभागात मी चारदा डोकावून आलो. अर्ध्या पानाचं अजून काहीही आलेलं नाही.