तांबड्या खेकड्याचे राज्यारोहण

श्रीमैदान जयवंत, गडी यशवंत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीयेचे दिवशी समुद्रकाठच्या एका संस्थानी जो अनर्थ जाहला त्याची ही हकीकत. संस्थानाचे नाव लिहिले नाही, कारण लिहिताना लाज वाटते.

ते संस्थानी कबड्डीची नामांकित फौज होती. तिचे सेनापती पोशा नाखवा, वय वर्षे अडुसष्ट, दर्यावर वाढलेले. तरुणपणी ते डाव्या कोपऱ्यात उभे राहून चढाईस आलेल्याचा घोटा धरीत, आणि धरिला घोटा सुटला ऐसे कोणी पाहिले नाही. एके अंतिम सामन्यात शत्रूच्या दांडग्या गड्याने त्यांस मध्यरेषेपावेतो फरफटविले, आणि उजवे हाताचे एक बोट ऐसे चिरडले की पुढे इस्पितळात काढावे लागले, परंतु पकड सुटली नाही आणि चषक घरी आला. मग हात बरा होताच गावाने नाखव्यांचे दोन्ही पंजे चुन्यात बुडवून, अंगठे जोडून, काळ्या कापडावर उमटविले. अंगठे सोडून उरल्या आठांतले एक बोट नाही, म्हणोन सात पायांचा खेकडा जाहला, आणि तेच फौजेचे निशाण ठरले. चाळीस वर्षे ते निशाण पाहून शत्रूचे गडी घोटे सांभाळीत.

पुढे ही फौज एका धनवंत सरकारांनी खरेदी केली आणि आज्ञा केली की निशाण जुनाट दिसते, नवे करावे. मग राजधानीहून चितारी बोलाविला. त्याने खेकडा ताटाखेरीज कोठे पाहिला नव्हता. तो तीन महिने राहिला, कोळंबी खाल्ली, आणि तृतीयेस दरबार भरवून पडदा सारिला, तो काय वर्णावे! खेकडा दोन पायांवर उभा, पायांत पांढरे बूट, डोळ्यांस पापण्या, तोंडभर दात आणि ते सारे बाहेर, एका नांगीस अंगठा फुटलेला आणि तो अंगठा वर करून 'छान छान' म्हणतो आहे, आणि रंग म्हणाल तर लालभडक. मग चितारी बोलिला की हास्यातून चाहत्यांशी नाते जुळते, आणि बुटांतून वेग प्रकटतो, आणि तांबडा रंग हा पराक्रमाचा. मग सरकारांचे कारभारी 'वाहवा' म्हणाले, आणि त्यांचे पाहून बाकीचे 'वाहवा' म्हणाले, आणि ज्यांस काही दिसले नव्हते ते सर्वांत मोठ्याने म्हणाले.

नाखव्यांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. ते उठोन उभे राहिले आणि बोलिले, "सरकार, जिती चिंबोरी कंदी तांबरी असते काय? आमचे खाडीत ती काळपट हिरवी. तांबरी होते ती टोपात, उकरल्यावर! तुमी आमचे पोरांचे छातीवर शिजलेला खेकरा लावताव. समोरचा गडी भिईल, का भात घेऊन येईल?"

मागे कोळिणी बसल्या होत्या, त्या पदर तोंडास लावून हसू लागल्या. सरकारांचा चेहरा उतरला. तेव्हा कारभारी पुढे होऊन गोड बोलिले, "नाखवा, रागावू नका. जुन्या खेकड्यास पाय सातच होते. कोणाचे लक्षच नव्हते! आम्ही मोजून चूक काढली आणि आठवा पाय बसविला. उलट तुम्ही आभार मानावे."

"चूक?" नाखव्यांनी उजवा पंजा कारभाऱ्यांच्या नाकासमोर धरिला. "ही बघा चूक. चूक नाय ती, माझा बोट हाय. चषकाला दिला मी. तो परत लावणारे तुमी कोण?"

कारभाऱ्यांनी पंजा पाहिला, आणि खजील व्हावे की नाही हे कळेना, म्हणोन घड्याळ पाहिले. मग सरकारांची आज्ञा जाहली की जो नवा अंगरखा घालील तो खेळेल, न घालील तो घरी बसेल. असल्या आज्ञेस काय म्हणावे? परंतु तिचा फास नेमका लागला, कारण रविवारच्या सामन्यास पोलीस खात्याचे अधिकारी गडी निवडावयास येणार होते, आणि कल्पेश तांडेल नामे डाव्या कोपऱ्याचा गडी, नाखव्यांनी हाताने घडविलेला, त्याचे भरतीचे वय याच वर्षी संपत होते. गडी नाखव्यांकडे आले आणि म्हणाले, "नाखवा, तुमी बोला, आमी नाय खेलत." नाखव्यांनी कल्पेशकडे पाहिले. मग म्हणाले, "घाला ते. रागान खेला, पन खेला."

रविवारी शत्रूचे प्रेक्षक लाल अंगरखे पाहताच "रस्सा! रस्सा!" ऐसे ओरडू लागले, आणि बाजूस कोणी खेकड्याचे सोंग घेऊन बुटांत नाचत होता, तो पडला आणि त्यास तिघांनी उचलिले. गड्यांचे कान लाल जाहले, आणि मग ते ऐसे खेळले की काय सांगावे. नाखवे रेषेबाहेरून गर्जत होते, "खाली धर! घोटा! सोरू नको!" आणि कल्पेशने एकट्याने नऊ पकडी केल्या, आणि सामना अकरा गुणांनी जिंकिला. नाखव्यांनी टोपी हवेत उडविली.

तोच सरकार ध्वनिवर्धक हाती घेऊन मैदानात आले आणि वदले, "हा नव्या खेकड्याचा पायगुण! आजपासून हेच चिन्ह, कायमचे!" लोकांनी टाळ्या पिटल्या आणि लाल टोप्यांच्या दुकानाकडे धावले. मग कल्पेशच्या तोंडासमोर कॅमेरा धरिला, आणि मागून कारभाऱ्यांनी कानात काही सांगितले, आणि कल्पेश म्हणाला, "नवीन चिन्हामुळे आम्हाला खूप ऊर्जा मिळाली." हे नाखव्यांनी चार हातांवरून ऐकिले. कल्पेश येऊन पाया पडला, परंतु मान वर करीना.

नाखवे म्हणाले, "बरा बोललास. ते पोलीस सायब बघतान. जा, त्यांचेकरे जा."

मग ते गर्दीतून एकटेच बाहेर पडले. गडी सामना हरते, तर जुने निशाण परत येते. जिंकविला त्यांनीच.

तात्पर्य: कल्पेश भरती जाहला, फौज जिंकली, सरकार धन्य जाहले, आणि नाखवे पुन्हा मैदानात आले नाहीत. ज्यांनी हे चिन्ह काढिले आणि ज्यांनी वाहवा केली, त्या प्रत्येकाचे हाती एकेक जिती चिंबोरी द्यावी आणि तिच्या नांग्यांची दोरी सोडावी, म्हणजे कोण हसते ते कळेल. इति.