बुवांसाठी बदललेले दहा बोल्ट

देवळाच्या बैठकीत मी छाती ठोकून सांगितलं, "यंदा कीर्तनाला खंडेरावबुवांना बोईसर स्टेशनवरून मीच आणणार! माझ्या मोटारसायकलवर! रिक्षा सांगू नका!"

कीर्तन म्हटलं की माझं असंच होतं. पण आमच्या घिवलीची खारी हवा! ब्रेकचे आणि इंजिनच्या झाकणाचे बोल्ट गंजून खारकेसारखे झालेले. अशा गाडीवर बुवांना बसवायचं? छे! बदलायलाच हवेत!

कीर्तनाच्या दिवशी सकाळीच सगळे काढले. घोटाळा नको म्हणून ओवाळायच्या तबकात मांडले. ब्रेकचे दोन हळदीकडे, इंजिनचे आठ कुंकवाकडे. तारापूरच्या कंपन्यांतले इंजिनियरही इतक्या शिस्तीत काम करत नसतील!

आंघोळ करून येतो तर तबक लख्ख घासलेलं!

"मंगला, बोल्ट?" मी बायकोला विचारलं.

"डब्यात ओतले. बुवांना काय बोल्टांनी ओवाळू?"

डबा घेऊन एसटीने धावलो बोईसरला, भाग्येशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात.

"काका, ह्यात ब्रेकचा कुठला?"

"सकाळी हळदीकडे होता तो!"

भाग्येशने कीव आल्यासारखं पाहिलं. एक बोल्ट पुसला. डोक्यावर १०.९ कोरलेलं.

"मग दहाचा दे," मी म्हणालो. "नसला तर अकराचा. घट्ट बसेल!"

"काका, ती ताकद हाय, माप नाय! माप आठ."

"पण मला पाना बाराचा लागतो!"

"पाना डोक्याचा, माप दांड्याचं, आकडा ताकदीचा! ब्रेकला एवढ्याच ताकदीचा पायजे. चकचकीत दिसला म्हणून दुसरा लावायचा नाय."

एका बोल्टाला तीन आकडे! पूर्वरंगात निरूपण डोक्यावरून जायला लागलं की मी मान डोलावतो. इथेही डोलावली.

"ब्रेकचे दोन वेगळे बांधलेत. इंजिनचे लांब-आखूड हायत, जागा बघून लावा. आणि जोर नाय करायचा!"

"कळलं, कळलं!"

काय कळलं होतं ते पांडुरंगालाच ठाऊक.

घरी ब्रेकचे दोन बिनचूक बसले. इंजिनचे मात्र ऐकेनात! खोल भोकात आखूड गडप, उथळ भोकात लांब अडकलेला. बुवांची ट्रेन पाचला आणि शेवटचा बोल्ट अजून अर्धा बाहेर! डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि सगळा भार टाकून पाना फिरवला. 'कट्ट!'

बसला बहुतेक!

बुवा वेळेवर उतरले, मागे बसले. पास्थळ मागे पडलं तसे म्हणाले, "अहो, माझा पाय गरम लागतोय. आणि ओला!"

थांबून पाहतो तर बुवांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर काळं तेल! मघाशी 'कट्ट' करून तडकलं ते इंजिनचं झाकण होतं!

"काय केलंत काय तुम्ही?"

"बुवा, ते लांब-आखूड... म्हणजे हळदीकडचे..."

पुढचं ऐकायला बुवा थांबले नाहीत. मिळेल त्या रिक्षात बसून निघून गेले. मी आपला घामाघूम होऊन गाडी ढकलत राहिलो. देवळापाशी पोचलो तेव्हा कीर्तन संपून आरती सुरू झाली होती. अख्ख्या वर्षाचं माझं कीर्तन हुकलं!

तेवढ्यात उतारावर गाडी हातातून निसटू लागली. मी ब्रेक दाबला. काय सांगू तुम्हाला, जागच्या जागी थांबली! ब्रेकच्या कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही हो!