मोहरीलकाकांचे एकतीस डिग्री

मोहरीलकाकांकडे गेलात तर आधी पाणी मिळत नाही, थर्मामीटर मिळतो. "बाहेर चव्वेचाळीस, आत एकतीस. पाहा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!" आपण पाहतो. मग पाणी मिळतं.

काका मूळचे नागपूरचे, सरकारी बांधकाम खात्यातून रिटायर झालेले इंजिनियर. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांवर सह्या केल्या, त्याचा सूड त्यांनी भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतल्या स्वतःच्या प्लॉटवर उगवला. भिंती दुहेरी, मध्ये पोकळ. गच्चीला चुना, वर सोलर. कडुनिंबाखालची हवा जमिनीत पुरलेल्या पाइपातून थेट बैठकीत. एसी नाही, कूलर नाही. "हवेला फक्त वाट द्या, ती आपसूक येते," हे त्यांचं पालुपद. मी शेजारी, माझ्या कूलरला ते 'टिनाचा हत्ती' म्हणत.

गेल्या मे महिन्यात त्यांची मुलगी मीनल चार वर्षांच्या चिऊला घेऊन बंगळूरहून आली. काकू गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"आबा, गर्मी होतेय," चिऊ म्हणाली.

काकांनी थर्मामीटर पुढे केला. "नाही होत बाप्पा! एकतीस आहे!"

चिऊला आकडे वाचता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर घामोळं उठलं आणि मीनल म्हणाली, "बाबा, आम्ही उद्याचंच तिकीट बघतो."

त्या दुपारी काका माझ्या दारात उभे. "तुमचा तो... फार आवाज करतो का हो?"

हत्ती आम्ही दोघांनी ढकलत नेला. "सोलरवरच चालणार आहे, म्हणजे तत्त्वाला धक्का नाही," हे त्यांनी मला वाटेत तीनदा समजावलं. मी हसू दाबलं. चिऊ कूलरसमोर तोंड उघडून "आऽऽ" करत बसली आणि काका बादलीने पाणी भरत राहिले. तिकीट आठ दिवस पुढे गेलं. आमच्या घरी आम्ही ओल्या चादरी टांगून दिवस काढले.

काका पाहुण्यांना हबीबगंज स्टेशनवर गाडीत बसवून आले, त्यालाही दोन महिने झाले. कूलर काही परत येईना. शेवटी मीच गेलो. बैठकीत तो पुसून, चादर पांघरवून ठेवलेला होता. जाळीवर चिऊने चिकटवलेली टिकली तशीच. आणि या वेळी थर्मामीटर न दाखवताच काकांनी पाणी दिलं.

"राहू द्या ना इथंच," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "चिऊ दिवाळीत येते म्हणालीय."

दिवाळीत भोपाळला रजया निघतात. हे काकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"राहू द्या," मी म्हटलं. "पाणी भरायला मला हाक मारा."