छप्पर नसलेला बंगला

जुनी वस्तू पारखून घ्यावी ती दिग्विजयनंच! निदान दिग्विजयचं तरी तसं ठाम मत होतं. मोटरसायकल जुनी, फ्रीज जुना, विहिरीवरची मोटर जुनी, आणि सगळं ठणठणीत चालू! त्यामुळं लेकीच्या, श्रेयाच्या, वाढदिवसाला ठोकळे जोडून बांधायचा बंगला आणायचं ठरलं, तेव्हा त्यानं बायकोला ऐटीत सांगितलं, "राजेश्वरी, नव्या खोक्याला पैसं घालायला मी काय येडा हाय? बारामतीत एक बाई जुना इकतायत. मी बघून घेतो!"

त्यानं बघितलं, पण खोक्यावरचं चित्र. लाल छपराचा दुमजली बंगला, दारात काठी टेकलेले आजोबा, खिडकीत बाई, अंगणात घोडा. विकणाऱ्या वृषालीताईंचा मुलगा आता कॉलेजात गेला होता, म्हणून खोकं निघालं होतं.

"सगळं हाय न्हवं?" दिग्विजयनं विचारलं.

"सगळं आहे की!" त्या म्हणाल्या.

त्यानं खोकं कानाशी धरून हलवलं. खुळखुळ वाजलं. झालं समाधान! कलिंगड घेताना गडी याहून जास्त वेळ ठोकून बघायचा.

इंदापूरला घरी आल्यावर, श्रेया मैत्रिणीकडं खेळायला गेलेली बघून, त्यानं ओसरीवर चटई टाकली आणि बांधकाम काढलं. भिंती उभ्या राहिल्या, जिना वर चढला. मग छपराची पाळी आली, तर छप्परच न्हाय! त्यानं खोकं उपडं केलं, बडवलं, शेवटी आत डोकं घातलं. निघालं काय, तर पेनाचं टोपण आणि एक सुपारी! दार न्हाय, आजोबा बेपत्ता, बाईचं मुंडकं धडावर टिकंना, आणि घोडा तीन पायांवर!

दिग्विजयचं डोकं तापलं. त्यानं फोन उचलला. पण त्यांच्याकडं रेंज यायची ती फक्त अंगणाच्या कोपऱ्यात, आणि तिथंही ओरडावं लागायचं.

"अवो ताई! छप्पर गेलंय! दाराचा पत्ता न्हाय! आजोबा गायब हायत! बाईचं मुंडकं निखळून पडलंय, घोड्याचा पाय तुटलाय! उद्या लेकीचा वाढदिवस, मी करू काय?"

"अहो, पण मी सगळं दिलं," वृषालीताई शांतपणे म्हणाल्या. "सगळं म्हणजे आमच्याकडं होतं तेवढं सगळं!"

दिग्विजयनं फोन खिशात कोंबला आणि तो तरातरा ओसरीवर परतला.

पण कुंपणापलीकडं धुणं वाळत घालणाऱ्या म्हाळसाकाकूंच्या हातातनं लुगडं गळून पडलं होतं. काकू राजेश्वरीच्या माहेरच्या, लोणी देवकरच्या. त्यांनी तिथं फोन लावला, आणि मग तिकडनं जी बातमी सुटली, ती उसाच्या फडाला लागलेल्या आगीसारखी!

तासाभरात दारात पिकअप येऊन थांबला. पुढं सासरे जोतीराम, मागं सासूबाई छबूबाई आणि भावकीतली चार दांडगी माणसं. शिवाय पत्रे, ताडपत्री, भाकरीची दुरडी, आणि घोड्यासाठी जनावरांचे डॉक्टर!

"माझी लेक कुठं हाय?" छबूबाईंनी हंबरडा फोडला.

राजेश्वरी पिठाचे हात घेऊन बाहेर आली. छबूबाईंनी आधी तिची मान चाचपली.

तेवढ्यात दिग्विजयचे वडील, महिपती आबा, अर्ध्या दाढीला साबण लावलेले, आरसा घेऊन बाहेर आले. जोतीरामांनी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. "आबा गावलं रं!"

"मी हरवलो कवा?" आबांनी साबणाच्या फेसातनं विचारलं.

भावकीतला एकजण घराकडं बघत होता. "काका, छप्पर तर जाग्यावर हाय की!"

सगळ्यांची नजर दिग्विजयकडं वळली. त्यानं मान खाली घालून ओसरीवरच्या बंगल्याकडं बोट दाखवलं. त्याला वाटलं, चटईखाली भोक असतं तर बरं झालं असतं! डॉक्टरांनी घोडा उचलला, उलटासुलटा केला आणि गंभीरपणे म्हणाले, "हाच का पेशंट?"

मग जे हसू फुटलं! पिकअपचा ड्रायव्हर तर स्टिअरिंगवर पडला. एवढ्यात श्रेया आली. तिनं बंगल्याभोवती एक चक्कर मारली आणि टाळ्या पिटल्या. "बाबा, छप्पर न्हाय ते बरंय! वरनं हात घालून भांडी मांडता येत्यात!" आणि ती मांडायला बसलीसुद्धा.

पण दिग्विजयचा राग काही जाईना. भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो सासूबाईंना म्हणाला, "मामी, तुमीच सांगा. सगळं हाय म्हणून सांगायचं आन अर्धंच द्यायचं, ही फसवणूक न्हाय व्हय?"

छबूबाईंनी त्याच्या ताटात पिठलं वाढलं आणि मायेनं म्हणाल्या, "जाऊ द्या, जावईबापू. तुमचं स्थळ आणलं तवा मध्यस्थानं बी आमाला, पोरात काय सुदिक कमी न्हाय म्हणून सांगितलं हुतं. आमी केला का त्येला कधी फोन?"