तेवीस आकडी पाखराच्या आंघोळीची बखर

श्रीवायुदेव साक्षी, श्रीसमुद्र साक्षी. पाहिले ते लिहिणारास बळ द्यावे आणि पाहून गप्प बसणारास झोप देऊ नये, ऐसे मागणे मागोन आरंभ केला. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, पौषमास. संवत्सराचे नाव शुभकृत्, आणि घडले काय ते ऐका.

समुद्रतीरी एक राज्य होते, त्याचे आरमार थोर, आणि आरमाराने किनाऱ्यावर मैदान राखोन तेथे हेलिकॉप्टरे ठेविली होती, आणि कुंपणास पाटी लाविली होती की फोटो काढण्यास सक्त मनाई. ऐसे असोन कुंपणासमोरील टेकाडावर वत्सलाबाई कुबल यांचे घर होते, त्याचे गच्चीवरोन अवघे मैदान दिसे, आणि तेथे पाखरनोंदे म्हणविणारे शौकीन लोक कॅमेरे रोखोन बसत. हेलिकॉप्टरास ते पाखरू म्हणत आणि शेपटीवरील आकड्याने ओळखीत. हे पहारेकऱ्यांस ठाऊक, अंमलदारांसही ठाऊक, किंबहुना अंमलदारच हळूच निरोप धाडीत की आमच्या पाखराचा एक चांगलासा फोटो द्या, दिवाणखान्यात लावतो. मनाई ती पाटीपुरती. वत्सलाबाई विधवा, पुत्र एकच, तुषार नामे, तो तेवीस आकडी पाखराचा वैमानिक, आणि म्हणोनच बाई ह्या लोकांस गच्ची देत, वरती चहा देत, आणि पाखरू उठले की विचारीत, "माझो झील गेलो काय?"

पाखरनोंद्यांत अग्रणी विद्याधरपंत बिवलकर. विमा कचेरीतोन निवृत्त जाहले, हाताखाली कोणी उरले नाही, घरात कोणी ऐकेना, मग कॅमेरा घेतला आणि येथे मान मिळविला. पंतांचा मान म्हणजे पंतांचा प्राण. आणि ह्या लोकांचा रिवाज ऐसा की वर्षाकाठी पौषात दरबार भरवावा, उत्तम फोटोस पागोटे बांधावे, आणि फोटोतील पाखरू लखलखीत असावे. डाग दिसला की फोटो बाद. सबब जो तो संगणकावर बसोन काजळी पुसे, ओरखडे पुसे, आणि यास ते आंघोळ घालणे म्हणत. आंघोळ जाहली की पंत मूळ फोटो फेकोन देत, न जाणो कोणी मळका पाहील. केवढी ही सोवळ्याची हौस, आणि तीही यंत्राची.

तो दरबारास आठवडा उरला असता तेवीस आकडी पाखरू उन्हात आडवे वळले आणि पंतांनी ऐसा फोटो साधिला की जन्मात एकदा साधावा. शेजारी कैतानजी रॉड्रिग उभे होते, जुने मोटार दुरुस्त करणारे, त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेत डोकावोन पाहिले आणि म्हणाले, "पंत, पंख्याखाली तो काळा ओघळ बघा. तेल गळतंय. खाली बाईंना सांगा, त्या तुषारला फोन करतील." पंतांस धास्ती पडली, पण ती तुषाराकरिता नव्हे. तेल गळते म्हणावे तर दाखवा म्हणतील, दाखवावे तर मळका फोटो चारचौघांत जाईल, मग पागोटे कोणाचे. पंत म्हणाले, "सांगतो मी. तुम्ही नका त्यांना घाबरवू." आणि मग पंत जिना उतरले आणि बाईंनी पोहे पुढे केले आणि पुसिले, "आज माझो झील कसो दिसलो?" आणि पंत बोलिले, "राजासारखा." आणि पोहे खाल्ले, आणि घरी गेले, आणि पाखरास आंघोळ घातली. ओघळ पुसला. मूळ फोटो फेकोन दिल्हा. मनात म्हणाले की आरमाराचे कारागीर काय आंधळे आहेत, त्यांचे ते बघतील. ऐसे म्हणणारांनीच राज्ये बुडविली आहेत.

दरबार भरला, पागोटे पंतांस बांधिले, फोटो गावभर फिरला. आणि दरबार होऊन चार दिवस न होत तो तेवीस आकडी पाखरू समुद्रावर गेले ते समुद्रातच गेले. तुषार व दोन सोबती, तिघेही हाती लागले नाहीत, पाखरूही खोल पाण्यात राहिले. मग आरमाराने चौकशी मांडिली. सुटे भाग वेळेवर आणिले नाहीत, तपासणीवाचोन सह्या जाहल्या, हे थोरामोठ्यांच्या गळ्याशी येऊ लागले, तो कोणी सरदाराने पंतांचा फोटो पुढे केला की पहा, अपघाताआधी दहाच दिवसांवरील यंत्र, कोठे थेंब नाही. अवघ्यांचा जीव भांड्यात पडला. यंत्र निर्दोष, सबब चूक वैमानिकाची, ऐसा निकाल होऊ घातला. कैतानजींनी धावत जाऊन सांगितले की ओघळ होता, म्या डोळ्यांनी पाहिला. सरदार म्हणाले, "मनाई असता तेथे काय करीत होतात?" आणि त्यांचा कॅमेरा जप्त करोन त्यांच्यावर खटला घातला. मग पंतांस बोलाविले, खुर्ची दिल्ही, आणि मधुर वाणीने पुसिले, "पंत, फोटो जसा काढला तसाच आहे ना?" होय म्हणावे तर पोराचे नाव जाते, नाही म्हणावे तर आपले जाते. कैतानजी दाराशी उभे होते, तिकडे पंतांनी मान वळविली नाही. म्हणाले, "तसाच आहे." सरदारांनी पंतांस शाल पांघरविली. ज्या कुंपणावर मनाई, त्याच कुंपणाच्या आत त्यांचा सत्कार जाहला, लाज कोणासही वाटली नाही.

निकाल वर्तमानपत्रांत आला, वैमानिकाची चूक म्हणोन. शेजारपाजार बाईंच्या घरी येईनासा जाहला, कारण उरल्या दोघांच्या घरचे लोक येऊन नाही नाही ते बोलोन गेले होते. पंत भेटीस गेले. न जावे तर संशय येईल म्हणोन गेले. बाई ओटीवर बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी नव्हते, बाईंनी पुसिले, "पंतानु, तुमी रोज बघत होतास. खरा सांगा, माझ्या झिलाक उडवूक येय नाय होता काय?" पंत बोलिले, "एवढ्या लांबून काही कळत नाही, बाई." बाईंनी मान डोलाविली आणि म्हटले, "खरा आसा." आणि चहा ठेवावयास आत गेल्या.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले ते लिहिले. तुषार कुबल दोषी, कैतानजी आरोपी, विद्याधरपंत सन्मानित, आणि आरमाराचे अवघे थोर लोक आपापल्या जागी कायम. राज्याचे कुशल आहे.